सायलेन्सरातली माती

मांजरसुंब्याच्या फाट्यावर आमचा व्हॅनवाल्यांचा अड्डा. सीटा भरेपर्यंत दुसरं काम काय? गप्पा! पूर्वी पुढाऱ्यांचे किस्से चालायचे, सोयरिकींचे चालायचे. आता विषय एकच, सायलेन्सर! किस्से इतके साचलेत की चहाला थांबलेला माणूस दोन ऐकतो आणि उठून आधी आपल्या गाडीखाली वाकून बघतो.

भानगड अशी, की सायलेन्सरात धूर साफ करणारी एक जाळी असते. तिच्यावर भारी धातूचा लेप. चोर ती फोडून चुरा विकतात, त्याला म्हणतात 'माती'. आमचा मिस्त्री रफिकभाई सांगतो, "सोन्यावानी भाव हाय तिला!"

सगळ्यात जास्त भोगलं ते आमच्या नामानं. नामा आणि त्याची बायको कौसाबाई दरसाल कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. पोरीची शाळा बुडायची. पुन्हा तोडीला जायचं नाही, म्हणून तर त्यांनी व्हॅन घेतली. शाळेची पोरं ने-आण करायचं काम लागलं, पोरगीही त्याच गाडीत बसून शाळेत जायला लागली.

*

एका सकाळी नामानं चावी फिरवली, तर गाडी अशी गरजली की शेजारची म्हातारी दारातून ओरडली, "नामा, ट्रॅक्टर कवा घेतलास रं? पेढं कुटं हायत?"

नामा सीट उचलून इंजिन बघत बसला. चोर पोटाखालून सायलेन्सर नेतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार!

*

मग आम्ही दोघं ठाण्यात गेलो. जमादार जेवायला बसले होते.

"काय झालं?"

नामा रडवेला झालेला. "साहेब, माती..."

आमच्याकडं माती म्हणजे मयत. जमादारांनी घास खाली ठेवला. "अरारा! कुणाची माती?"

"माझीच, साहेब!"

*

कौसाबाईची बोरमाळ मोडून नवा सायलेन्सर आला. रफिकभाईनं त्याच्याभोवती लोखंडी सळयांचा पिंजरा वेल्ड करून दिला. "आता चोराचा बाप आला तरी निघायचा न्हाई!"

नामा निर्धास्त होऊन नांदूरघाटला लग्नाला गेला. जेवून बाहेर येतो, तर पिंजऱ्यासकट सगळं गायब! गाडी तशीच गरजत फाट्यावर आणली. रफिकभाई गाडीखाली शिरला, बराच वेळ निरखत राहिला आणि आतूनच म्हणाला, "काय बी म्हण बे, कटिंग लई साफ केलंय!"

मला तर त्याला तिथंच तुडवावंसं वाटलं.

*

तिसऱ्यांदा ऐपत राहिली नव्हती. नामानं आवाजापुरतं पोकळ नळकांडं बसवलं आणि मागच्या काचेवर रंगानं लिहिलं, 'आत माती नाही. उगाच कष्ट घेऊ नका.'

चोरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तेही नेलं. रिकामं निघालं म्हणून परत आले आणि काच फोडून गेले! खरं लिहिल्याची ही शिक्षा.

पोरं कानात बोटं घालून शाळेत जायला लागली. हेडमास्तरांनी हात जोडले, "नामदेवराव, आम्ही दुसरी गाडी बघतो." गाडी तर गेलीच पाठोपाठ, मिळेल त्या भावात.

*

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रॅक्टर गावात आला. मी निरोप द्यायला गेलो. नामा मान वर करेना. कौसाबाई ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसली होती, पोरगी शेजारी. मी उगाच आपलं काहीतरी बोललो.

"वैनी, सामान संभाळा बरं. तिकडं उसाच्या फडावर चोऱ्या लई व्हतात म्हणं."

कौसाबाई हसली. कित्येक दिवसांनी हसली असेल.

"भावजी, कोयता कोण चोरतंय!"