चुलीचं मागचं भोक

नवरा गेल्यावर मी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होते. नव्वद सालानंतर गावात निर्धूर चुलींची योजना आली. त्या बांधायला बायांनाच शिकवलं. आमच्या गावातून मी आणि माझी धाकटी जाऊ, अशा दोघी शिकून आलो. योजनेचे साहेब म्हणाले, पुढे काम एकीलाच राहील, जिच्या चुली चांगल्या चालतील तिला. मला ते हवं होतं. कापसानं बोटं फाटतात आणि वर शेतमालकाची बोलणी खावी लागतात.

या चुलीला मागे एक भोक असतं. तिथून धूर पाइपात जातो आणि पाइप छपराच्या कवेलूतून बाहेर. आमच्याकडे बाया रोज सकाळी चूल शेणामातीनं सारवतात, हात पार आत फिरवतात. थरावर थर बसून भोक बुजतं. म्हणून मी घरोघरी सांगायचे, वरून सारवा, आत हात घालू नका. बायांना राग यायचा. चूल कशी सारवायची हे त्यांना मी शिकवायचं?

किराणावाल्याच्या घरी मी बांधलेली चूल दिवाळीपर्यंत धूर ओकायला लागली. त्याच्या आईनं मला बोलावलं. साहेब आणि जाऊ आधीच येऊन बसले होते. सून दारात डोळे पुसत उभी.

"रांडव बाईच्या हातची चूल घरात नोको, मी पयलेच म्हनलं होतं," म्हातारी म्हणाली.

मी भोकात हात घातला आणि वाळलेल्या सारवणाचा खपला ओढून काढला. "हे पाहा. आतून सारवू नोका म्हनलं होतं मी."

"चूल न सारवता मसणात राहू का आमी?" मग ती सुनेकडे वळली. "काऊन वं, आत कोन हात घालत होतं?"

"तुमीच तं सांगतलं आत्याबाई, कोपरा सोडू नोको म्हनून."

म्हातारीनं तिच्या थोबाडात दिली. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "वाद कशाला? ही फोडून टाका. दुसरी या बाई बांधतील." त्यांनी जावेकडे बोट केलं. जावेचं कुंकू शाबूत होतं.

"तूच फोड," म्हातारी मला म्हणाली. "तुही घाण तूच काढ."

मी सब्बल घेतली आणि फोडली. ढेकळं सुनेनं टोपल्यात भरली.

काम जावेला गेलं. ती तशीच चूल बांधायची, पण सारवण्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. भोकं बुजली, धूर आला, की चूल जुनी झाली म्हणून नवी मंजूर व्हायची. त्याच घरात ती पुन्हा बांधायची. तिच्या हाताला कोणी नाव ठेवलं नाही.

मी तिला विचारलं, "तुले मालूम हाय ना, मंग सांगत काऊन नाई?"

"सांगून तुले काय भेटलं, बाई?" ती म्हणाली. "भोक बुजलं नाई तं मले कोन बोलावन?"

पुढच्या हंगामात कापूस बुडाला. तिनं मला माती मळायला ठेवलं. अट एकच, लोकांच्या घरी तोंड उघडायचं नाही. मी अंगणात बसून शेण, भुसा, माती मळायचे, ती आत नेऊन चूल बांधायची. रांडव बाईनं मळलेली माती घरात चालत होती. मी तोंड उघडलं नाही.