जगदीशची गाडी, आमची गाडी

सेकंडहँड गाडी घेतली की गाडीबरोबर किस्से फुकट येतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये दुपारी जिन्यापाशी बायका बसतात, तिथे आता कोणी नवीन आली की तळमजल्याच्या पेडणेकर काकू मला म्हणतात, "सुजाता, सांग गो तुझ्या गाडीचं." मी सांगते. सगळ्या हसतात. मीपण हसते, पण सांगताना अजून हाताला घाम येतो.

* * *

गाडी आम्ही मिरवायला घेतली नव्हती. आमची स्वरा चार वर्षांची. एमआयडीसीकडून तो वास यायला लागला की तिला धाप लागते. अशा वेळी रिक्षावाला मान हलवून पुढे निघून गेला की माझा जीव खालीवर होतो. म्हणून ह्यांनी ठरवलं, जुनी का होईना, दारात गाडी पाहिजे.

हे माजिवड्याला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत. तिथल्याच जगदीशला गाडी विकायची होती. रोज एका डब्यात जेवणारा माणूस. ह्यांनी सगळं तपासलं. हॉर्न वाजवला, एसी लावला, टायर दाबले, मेकॅनिकला बॉनेटमध्ये डोकं घालायला लावलं. शेवटी आरसी कार्ड हातात घेतलं. मी सातवी शिकलेली, पण इंग्रजी अक्षरं जुळवून वाचते. कार्डावर जगदीशच्या नावाखाली एका फायनान्स कंपनीचं नाव होतं. मी विचारलं, हे काय आहे?

हे म्हणाले, "कंपनीचं नाव छापलंय, बघ. म्हणजे गाडी चोरीची नाही."

मलापण बरं वाटलं!

* * *

गाडी दारात आली त्या दिवशी आम्ही वंदना घेतली, पंचशील म्हटलं. एवढ्यात पेडणेकर काकू चार लिंबं घेऊन बाहेर आल्या आणि चाकांखाली ठेवायला लागल्या. हे म्हणाले, काकू, आमच्यात हे करत नाहीत. काकू वाकलेल्याच होत्या. म्हणाल्या, "तुमची वंदना तुमच्यासाठी. लिंबू माझ्या समाधानासाठी आहे. पाय काढ."

मग पेढे वाटले. मी स्टेटसला ठेवायला व्हिडिओ काढत होते. ह्यांनी जगदीशला पेढा भरवला आणि विचारलं, पैसे पूर्ण पोचले ना? त्यातले अर्धे मोबाईलवरून दिलेले, अर्धे रोख. त्या रोख पैशात माझी दोन वर्षांची भिशी होती. जगदीश तोंडात पेढा घोळवत म्हणाला, पोचले, पोचले, आता गाडी तुमची, वहिनी. नावावर करायचं काम एजंट महिनाभरात करून देईल.

महिना झाला. मग एजंट गावाला गेला. मग त्याच्या घरात लग्न निघालं. मग जगदीशने गोडाऊनची नोकरीच सोडली.

* * *

एका सकाळी दोन माणसं बाईकवरून आली. एकजण मोबाईल धरून बिल्डिंगखालच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी बघत चाललेला. आमच्या गाडीपाशी थांबला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, ते बादलीत टाकून खाली पळाले.

तो म्हणाला, ताई, ह्या गाडीचे हप्ते थकलेत, किल्ली द्या. मी म्हटलं, कसले हप्ते? आम्ही पूर्ण पैसे दिलेत. तो म्हणाला, तुम्ही जगदीशला दिले, जगदीशने कंपनीला नाही दिले. कंपनीच्या हिशोबात गाडी अजून त्याचीच आहे.

किल्ली माझ्याच गाऊनच्या खिशात होती. मी म्हटलं, किल्ली मिस्टरांकडे आहे. जगदीशला फोन लावला तर बंद. तो माणूस ओरडला नाही, शिवी दिली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, परत येतो. आणि उन्हातून आलोय, जरा पाणी मिळेल का, असं विचारलं.

काकूंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. ते गेल्यावर मी चिडले, की त्यांना पाणी कशाला दिलं? काकू म्हणाल्या, "पाण्याला नाही म्हणू नये. किल्लीला म्हणावं."

* * *

त्या दिवसापासून काकूंनी जिन्यापाशी बसणं बंद केलं. रिकामी गाडी उचलून नेतात, माणसं बसलेली कशी नेतील, असा त्यांचा हिशोब. दुपारी सगळ्या बायका आमच्या गाडीत बसायला लागल्या. पुढे काकू, मागे तिघी, स्वरा माझ्या मांडीवर. काचा खाली, लसूण सोलणं चालू, मेथी निवडणं चालू. सालं डॅशबोर्डवर.

चौथ्या का पाचव्या दिवशी ती माणसं पुन्हा आली. पाणी मागणाऱ्याने आत वाकून बघितलं. मग म्हणाला, ताई, उतरता का सगळ्या?

काकू म्हणाल्या, "लसूण होऊ दे."

तो म्हणाला, किती वेळ? काकूंनी मांडीवरची पिशवी उघडून त्याला दाखवली. अख्ख्या वर्षाचा लसूण होता!

ते गेले. बाकीच्या हसून लोळल्या. मी स्टेअरिंगकडे बघत होते. रोज कुठून आणायचा एवढा लसूण?

* * *

हा किस्सा मी जिन्यापाशी कमी सांगते.

एका संध्याकाळी तो वास आला आणि स्वराची छाती वाजायला लागली. हे नुकतेच घरी आलेले. मी तिला शालीत गुंडाळलं, हे किल्ली घेऊन धावले. गाडीचं दार उघडलं आणि तिथेच थांबले. म्हणाले, रस्त्यात त्यांनी अडवली तर? पोरीला घेऊन मधेच उतरायला लावलं तर?

आम्ही दोघं त्या गाडीकडे बघत उभे होतो आणि स्वरा माझ्या खांद्यावर घरघरत होती.

शेवटी रिक्षा केली. ज्या कामासाठी गाडी घेतली, त्या कामाला आम्ही रिक्षाने गेलो आणि गाडी घरी जपून ठेवली. दवाखान्यात मशीनवर वाफ दिल्यावर स्वरा बरी झाली. पहिलं वाक्य बोलली, "आपली गाडी आजारी आहे का?"

* * *

दुसऱ्या दिवशी मी काकूंना घेऊन कल्याणच्या कोर्टात गेले. तिथे फुकट सल्ला देणाऱ्या वकील मॅडम बसतात, असं कोणीतरी सांगितलेलं. मॅडमनी कार्ड बघितलं आणि कंपनीच्या नावावर बोट ठेवलं. म्हणाल्या, ह्याला बोजा म्हणतात. कर्ज फिटेपर्यंत गाडीवर कंपनीचा हक्क. कार्डावर नाव छापलेलं होतं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं असंच धरतात.

मी म्हटलं, "मॅडम, मी सातवी शिकलेय."

मॅडम म्हणाल्या, "कायदा सगळ्यांना शिकलेलं धरतो."

मग मला कायदाच नाही का, असं मी विचारलं. मॅडमनी शांतपणे सांगितलं. कंपनीला गाडी न्यायची तर आधी नोटीस द्यावी लागते, जबरदस्तीने, दमदाटी करून नेता येत नाही. आणि जगदीशने कर्ज लपवून गाडी विकली ही फसवणूक आहे, त्याच्यावर तक्रार होते. पण गाडी वाचेलच, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा म्हणाल्या नाहीत.

रोख पैसे दिल्याचा पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. पावती नव्हतीच. एका डब्यात जेवणाऱ्या माणसाकडे पावती कोण मागतं? तेवढ्यात काकूंनी मला कोपर मारलं, गो, तो पेढ्याचा व्हिडिओ. मी मोबाईल दिला. जगदीश तोंडात पेढा घोळवतोय, पोचले, पोचले, आता गाडी तुमची, वहिनी.

मॅडमनी तो तीनदा बघितला. म्हणाल्या, "पेढा खाऊन एवढा नीट जबाब कोणी देत नाही."

* * *

मॅडमची नोटीस गेली, पोलिसांत अर्ज गेला, अर्जासोबत पेढा गेला. मग जगदीशचा भाऊ आमच्याकडे आला, म्हणाला, केस करू नका. भावानेच कंपनीचे पैसे भरले. कंपनीने कर्ज फिटल्याचा दाखला दिला, तरी मला झोप नव्हती. कारण कार्डावर नाव अजून जगदीशचंच. आज सही करेल, उद्या फिरेल. आम्ही भावाकरवी जगदीशला कल्याणला आरटीओजवळच्या एका ऑनलाईन कामाच्या दुकानात बोलावलं.

तो आला. वाळलेला दिसत होता. ह्यांच्याकडे बघत नव्हता. दुकानवाल्याने सगळं भरलं आणि म्हणाला, आता जुन्या मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा. मग गाडी ह्यांच्या नावावर चढेल.

ओटीपी येईना. परत पाठवला, तरी येईना. मला वाटलं, झालं, हा काहीतरी डाव करतोय. स्वरा माझा पदर ओढत होती, मला तिचंही भान नव्हतं. जगदीश खाली मान घालून म्हणाला, रिचार्ज संपलाय, मेसेज यायचे बंद झालेत.

मग ह्यांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि जगदीशच्या नंबरवर रिचार्ज मारला. ज्याच्यावर आम्ही फसवणुकीची तक्रार केलेली, त्याच्या नंबरवर!

टुंग वाजलं. जगदीशने आकडे वाचून दाखवले, दुकानवाल्याने टाइप केले, स्क्रीनवर हिरवी खूण आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी तोंड फिरवलं, तर जगदीश माझ्याच बाजूला उभा. मोबाईल खिशात ठेवत, अगदी काळजीने, हळू आवाजात म्हणाला,

"वहिनी, एक सांगू? ओटीपी असा कोणाला सांगायचा नसतो. लोक फसवतात."