मागच्या अंगणातली सुधारणा

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, म्हणतात. फिटरकाका निवृत्त झाले आणि घरातली एकही भिंत सुटली नाही. सगळी हयात कारखान्यात यंत्रं जुळवण्यात गेलेली. जे हलतं ते आवळायचं, जे किरकिरतं त्याला तेल पाजायचं, जे गळतं ते बंद करायचं, एवढंच शास्त्र त्यांना येत होतं. घरात आवळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्या उन्हाळ्यात त्यांनी मागचं अंगण हाती घेतलं.

निमित्त काकूंचं. काकूंना हल्ली कमी दिसायचं. किती कमी, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, काकांनाही नाही. बाजार सुटला, शिवण सुटलं, त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पण मागच्या अंगणात एकटीनं जायचं, कपडे वाळत घालायचे, वाफ्यातलं तण उपटायचं, हे सोडायला त्या तयार नव्हत्या. तिथे कुणी हात धरलेला त्यांना मुळीच खपायचा नाही.

"आज अंगणात हात धराल, उद्या घास भरवाल," असं त्या काकांना तोंडावर सांगायच्या.

काका म्हणाले, बरं, हात नाही धरत. पण ठेच तर लागायला नको? झालं, पहार बाहेर आली. दाराबाहेरच्या डुगडुगणाऱ्या फरश्या त्यांनी उखडल्या आणि पाणसळ लावून अशा बसवल्या की चहानं काठोकाठ भरलेली बशी ठेवली तरी थेंब सांडू नये. कोपऱ्यातला नळ कित्येक वर्षं ठिबकत होता, त्याला नवा वॉशर घातला. पुदिना वाटेवर माजला होता, तो उपटून डब्यांमधून कुंपणाजवळ लावला, फौजेसारखा ओळीत. वाफ्याला विटांची कड केली. टोमॅटोला काठ्या लावल्या, त्यासुद्धा ओळंबा धरून! टोमॅटोला ओळंबा लावणारा माणूस अख्ख्या गल्लीनं पहिल्यांदाच पाहिला.

"अहो, पुरे झालं आता," काकू आतून म्हणायच्या.

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना!"

यावर बोलणार काय, कपाळ?

खरी गोष्ट अशी होती, की काकू त्या अंगणात डोळ्यांनी चालतच नव्हत्या. फरशी डुगडुगली की दार मागे पडलं. पुदिना पायाला लागून वास सुटला की उजवीकडे वळायचं. नळाच्या ठिबकण्याकडे कान ठेवला की कपड्यांची दोरी बरोबर हाताशी यायची. हे सांगायचं तर उजेड आणि सावली यापलीकडे काही दिसत नाही हेही सांगावं लागलं असतं. मग काकांनी हात धरलाच असता, आणि पुन्हा सोडला नसता. म्हणून त्या गप्प राहिल्या. चूक दोघांची मिळून होती, पण बायको मनातलं सांगत नाही आणि नवरा विचारत नाही, हे काही त्यांनीच शोधून काढलेलं नव्हतं.

सगळं काम संपलं त्या सकाळी काका स्टूल घेऊन ऐटीत दाराशी बसले. वाट उखडलेली होती तोवर कपडे काकांनीच वाळत घातले होते; आज काकू कालचे वाळलेले कपडे आणायला निघाल्या. गुळगुळीत वाटेवरून चार पावलं चालल्या आणि मधोमध थांबल्या. काकांना वाटलं, बाई कौतुकानं बघतेय. छाती अंमळ फुगली. पण काकू हलेचनात.

"अहो, मी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? अंगणात!"

"ते कळतंय हो मला! अंगणात कुठे?"

काका स्टुलावरून उठले. काकूंनी मग तिथेच उभं राहून सगळं सांगितलं, फरशी, पुदिना, नळ. रागानं त्यांचा आवाज चिरकत होता. "एवढी एकच जागा माझी होती, तीही सरळ करून ठेवलीत."

"मी आत्ता वॉशर काढतो. फरश्याही—"

"खबरदार कशाला हात लावाल तर! मोडायचं कितीदा? मी नव्यानं शिकेन. तुम्ही फक्त तिथे बसा. उठायचं नाही, बोलायचं नाही."

काका बसले. बसायचं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

काकू पाय घासत निघाल्या. दोरी उजवीकडे होती, त्या डावीकडे गेल्या. काकांनी ओठ आवळले. विटांची कड समोर आली, आणि काकू कडेला अडखळून गुडघ्यांवर आदळल्या. काका अर्धे उठले.

"बसा म्हणते ना!" काकू मागे न वळता ओरडल्या.

काका बसले.

काकूंनी विटा हातानं चाचपल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उठल्या, पाऊल कडेला लावून लावून सरकत गेल्या, वळल्या, हवेत हात फिरवला. दोन वेळा हात रिकामाच फिरला. तिसऱ्यांदा चादर हाताला लागली. त्यांनी एकेक करून सगळे कपडे काढले, खांद्यावर टाकले आणि तशाच कडेकडेनं, चुकत, थांबत दारापर्यंत परत आल्या. पाय स्टुलाला लागला, तेव्हा सगळा ढीग त्यांनी काकांच्या मांडीवर टाकला.

"घड्या घाला," त्या म्हणाल्या, आणि दाराच्या चौकटीला टेकून धापा टाकत बसल्या.

त्यांचा गुडघा फुटला होता, पातळाला रक्त लागलं होतं. काकांना ते दिसलं. त्यांनी चादरीची टोकं जुळवली आणि घडी घालायला घेतली.