दौरासाहेबांचं बारावं गाणं

दौरासाहेब कुठेही निघाले तरी 'जातो' म्हणत नसत, 'दौऱ्यावर निघतो' म्हणत. सोनाळ्याहून टुनकीला कुणाच्या तेरवीला गेले तरी दौरा, पीठ दळायला चक्कीवर गेले तरी दौराच. पुढे पुढे त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं. त्यांच्या बायकोनेसुद्धा दारात आलेल्या पाहुण्याला, "दौरासाहेब दौऱ्यावर हायेत, बसा," असं गंभीर चेहऱ्याने सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पाहुणा बिचारा मोठा अधिकारी समजून ओसरीवर पाय आखडून बसला. साहेब आले ते खांद्यावर दळणाचा डबा घेऊन.

हा दौऱ्याचा नाद त्यांना शेगावात लागला. तरुणपणी ते तिथल्या एका लॉजमध्ये कामाला होते. एकदा लांब केसांचा एक गोरा पोरगा गाडीतून उतरला आणि तापाने लॉजमध्ये पडून राहिला. दौरासाहेबांनी त्याला खिचडी खाऊ घातली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. बरा झाल्यावर त्याने त्यांना गिटार शिकवली आणि सांगितलं की आमच्याकडे चार पोरं मिळून बँड काढतात, एकच गोष्ट दहा-बारा गाण्यांत बांधतात आणि ती घेऊन दुनियाभर दौरा करतात. जाताना तो गिटार तिथेच ठेवून गेला. का ठेवून गेला, ते दौरासाहेब दर वेळी वेगळं सांगत. मी एकदा विचारलं, "भाऊ, तुम्हाला त्याचं इंग्रजी कळायचं?" ते म्हणाले, "गान्याचं कयत होतं बाई. बाकीचं मी मनानं भरून घेत होतो."

आणि मनानं त्यांनी काय भरून घेतलं होतं! सोनाळ्याला परत येऊन त्यांनी बारा गाणी रचली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक, आणि सगळी एका सालदाराची. आमच्याकडे सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. गुढीपाडव्याला मालक त्याच्या हातावर सुपारी ठेवतो. ती घेतली की पुढचं साल त्या घराला बांधलं. दौरासाहेबांच्या गाण्यांतला सालदार वखर हाणतो, पेरतो, कापसाच्या गाडीवर झोपतो, पोराच्या बारशाला पोचत नाही. आणि बाराव्या गाण्यात मालक सुपारी पुढे करतो तेव्हा हात जोडून 'नाही' म्हणतो आणि वाटेला लागतो. बस, एवढीच गोष्ट. पण त्या 'नाही'च्या आधी गिटार जी थांबायची, तेव्हा तालमीतसुद्धा माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

बँड आमचा चौघांचा. गिटारीच्या पोटात दौरासाहेबांनी माइक बसवला होता आणि ती ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायची. पहिल्या दिवशी तिच्यातून असा काही आवाज निघाला की शेजारची शेळी दावं तोडून पळाली आणि संध्याकाळपर्यंत सापडली नाही. बुलबुलतरंगावर गावचा शिंपी, आणि लग्नाच्या बँडमधून निवृत्त झालेल्या ड्रमवर दौरासाहेबांचा मावसभाऊ. गाणारी मी, शेवटचं 'नाही' तेवढं दौरासाहेब स्वतः म्हणत. मी तेव्हा सोनाळ्याच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते, आणि पोरांवर ओरडून ओरडून माझा गळा तयार होता.

माझ्या वडिलांची परवानगी काढायला दौरासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. "गुरुजी, बाईले गान्यात न्यायची हाय. दिवे लागाच्या आत घरी आनून देतो."

"कुठे नेणार?" वडिलांनी विचारलं.

"दुनियाभर."

वडील म्हणाले, "मग दिवेलागणीच्या आत कशी येणार हो?"

दौरासाहेब जरासुद्धा गडबडले नाहीत. "गुरुजी, दुनिया म्हंजे काय? जथलोक यष्टी जाते तथलोक दुनिया." वडिलांना इतकं हसू आलं की त्या हसण्यातच परवानगी मिळून गेली. म्हणून आमचे कार्यक्रम रविवारी आणि भर दुपारी. दुनियेतला तो एकच बँड असेल ज्याला सूर्य मावळायच्या आत घरी पोचावं लागायचं.

दौरा मात्र खरोखर झाला. संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, शेगावच्या अलीकडची-पलीकडची खेडी. यष्टीच्या टपावर ड्रम, मांडीवर गिटार आणि कंडक्टरशी बॅटरीच्या तिकिटावरून भांडण. ते भांडण माझ्याकडे असायचं. पण बारावं गाणं काही कुठे व्हायचं नाही. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की तो मधूनच मोडायचा असतो, असा जणू रिवाज आहे. एका गावात श्रावणाच्या गाण्याला सरपंच आले, मग हारतुरे, शाल-नारळ, भाषण. पुन्हा सुरू केलं तेव्हा आमचा सालदार कोण आणि कुठला, हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. दुसऱ्या गावात आश्विनात चहा फिरला आणि चहाबरोबर लोकही फिरले. सिनेमाच्या गाण्याची फर्माईश तर दर गावाला. दौरासाहेब कधी चिडायचे नाहीत. वायर गुंडाळत म्हणायचे, "चाला, आज साल भादव्यातच बुडालं."

चिडायचे मी. एकदा म्हणाले, "भाऊ, लोक बसलेत तोवर बारावंच आधी म्हणून टाकू या ना! तेच तर खरं आहे."

"नाही बाई," ते म्हणाले. "अकरा मइने राबल्याबिगर त्याच्या 'नाही'ले जोर कुठून येईन? कोनतं तरी एक गाव पुरं बसलं पाह्यजे. एकच. मंग मी दौऱ्याचं नाव काढनार नाही." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा थट्टेवारी नेलं.

एका गावाला मात्र ते बँड घेऊन कधी जायचे नाहीत. जळगाव जामोदच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ते गाव. तिथून निरोप आला की म्हणायचे, "ते दुनियेत नाही." मी एकदा पकडलं त्यांना. "का हो, यष्टी तर जाते की तिथे! मग दुनियेच्या बाहेर कसं?" ते गिटारीच्या खुंट्या पिळायला लागले. मग म्हणाले, "बा हाय तेथी."

त्यांचे वडील त्या गावात सालदार होते. एकाच मालकाकडे, दौरासाहेबांच्या जन्माच्या आधीपासून. दौरासाहेब मिळवते झाल्यापासून दर पाडव्याला बापाला आणायला जायचे, आणि दर पाडव्याला बापाने सुपारी घेतलेली असायची. "मी म्हनलं, बा, काऊन घेतली? तं म्हने, हात आपोआप पुढं जाते रे." हे सांगताना त्यांनी स्वतःचा हात पुढे करून दाखवला आणि तसाच ठेवला. तेव्हा मला कळलं की बाराव्या गाण्याला श्रोता एकच हवा होता. बाकीची दुनिया ही नुसती तालीम होती.

शेवटी एका दिवाळीनंतर त्या गावची मंडळी घरीच येऊन बसली, आणि दौरासाहेब हो म्हणून गेले. पण पोळलेला माणूस, अटी घातल्या. "बारा भाग हायेत. एकदा बसलं की मधात उठाचं नाही. मधात च्या नाही, सत्कार नाही, फर्माईश नाही. शांत आयकाचं." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोठ्या आदराने माना डोलावल्या. आम्हाला वाटलं, शहाणी माणसं दिसतात.

रविवारी दुपारी पोचलो तर मारुतीचा पार शेणाने सारवलेला, समोर रांगोळी. चौरंगावर लाल कापड, बाजूला कलश. बायाबापड्या न्हाऊन-धुऊन, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. एका म्हातारीने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पोथी कोनत्या पिशवीत हाय वं माय? चौरंगावर ठेव ना." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बारा भाग, मधात उठायचं नाही, शांत ऐकायचं! गावाने दुसरं काय समजावं? अख्ख्या गावात दवंडी फिरली होती की बारा अध्यायांची पोथी लागणार आहे.

मी दौरासाहेबांना बाजूला ओढलं. "भाऊ, एक अक्षर बोलू नका. पोथीतून कुणी उठत नाही. आज बारावं होतं!" जन्माची संधी होती ती. पण हा माणूस माझं ऐकेल तर ना! गिटार गळ्यात अडकवून ते उभे राहिले आणि म्हणाले, "मायबाप हो, तुमचा गैरसमज झाला. आमच्याजवय पोथी नाही. हे एका सालदाराचं गानं हाय. ज्याले उठाचं असन त्यानं आताच उठावं, दोष लागत नाही."

मी कपाळाला हात लावला. पारासमोर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "हा तं त्या सालदाराचाच पोरगा हाय बे." पुढच्या सतरंजीवर तक्क्याला टेकून मालक स्वतः बसले होते, ते सावरून बसले. तेवढ्यात ती मघाची म्हातारी म्हणाली, "सालदाराचं असो का देवाचं, चौरंग मांडला नं आता? मांडल्यावर उठत नसते कोनी. म्हन तू."

आणि खरंच कुणी उठलं नाही. चैत्र झाला, वैशाख झाला. आषाढाच्या गाण्यात मला दिसलं, की पाराच्या खाली, उभ्या बैलगाडीच्या आडोशाला एक वाळका म्हातारा हातात कासरा घेऊन उकिडवा बसला आहे. दौरासाहेबांनाही दिसलं असावं, कारण त्यांची बोटं एकदाच चुकली. पोराच्या बारशाचं गाणं आलं तेव्हा म्हाताऱ्याने मान खाली घातली ती वर केली नाही. बाराव्या गाण्यात गिटार थांबली. दौरासाहेबांनी डोळे मिटून 'नाही' म्हटलं. मी आजवर एवढं मोठं 'नाही' ऐकलेलं नाही. सगळ्या बायांनी हात जोडले. मालक उठले, धोतर झटकलं आणि थोडं हसून म्हणाले, "गानं चांगलं हाय. पन माह्या गड्यानं कधी नाही म्हटलं नाही." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दौरासाहेब सरळ पार उतरून गाडीपाशी गेले. "चाल बा. यष्टी उभी हाय."

म्हातारा उठला. त्याने पोराच्या गळ्यातल्या गिटारीला हात लावून पाहिला. म्हणाला, "पाडव्याले अजून चार मइने हायेत. सालातून मधातच उठत नसते मानूस." आणि कासरा ओढून बैलांना पाण्याला घेऊन गेला.

मला असा संताप आला! अख्खं गाव बसलं, आणि ज्याच्यासाठी बसवलं तो बैल घेऊन चालला. यष्टीत मी बडबड बडबड बडबडले. दौरासाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. एवढंच म्हणाले, "बोलीचा मानूस हाय बाई. तो काही चुकीचं नाही बोलला."

त्यानंतर त्यांनी एकही कार्यक्रम घेतला नाही. मलकापूरचं बोलावणं परत पाठवलं, नांदुऱ्याचं परत पाठवलं. मी भांडले, शिंपी रुसला. पुढे त्यांनी सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्यातच म्हातारे झाले. ते गेले तेव्हा मी मुख्याध्यापिका होते. त्यांच्या बायकोने मला गिटार देऊ केली, पण मी ती त्यांच्या नातवाकडेच राहू दिली. माझ्याकडे बारा गाणी होती, ती पुष्कळ झाली. शाळेत प्रार्थनेनंतर मी पोरांना त्यातली अधूनमधून शिकवली आहेत, वरिष्ठांना न विचारता.

पण मला सांगायचा आहे तो त्या कार्यक्रमानंतर चार महिन्यांनी आलेला पाडवा. सुट्टी होती. मी गाठी घेऊन स्टँडवरून परतत होते तर दौरासाहेब तिथल्या बाकावर बसलेले. सकाळच्या गाडीपासून बसले होते, पानवाल्याने सांगितलं. दोन गाड्या येऊन गेल्या. मी शेजारी जाऊन बसले. मला खरंतर म्हणायचं होतं, 'भाऊ, घरी चला, उगीच जिवाला लावून घेऊ नका.' पण मला धीर झाला नाही. उन्हं टळायला आली तेव्हा तिसरी गाडी आली. सगळे उतरले. सर्वांत शेवटी खांद्यावर घोंगडी टाकून, दांडा धरून, एकेक पायरी चाचपत म्हातारा उतरला. यष्टीत बसायची त्याला सवय नसावी.

दौरासाहेब उठून गाडीच्या दाराशी गेले. त्यांनी विचारलं ते एवढंच, "सुपारी?"

"ओट्यावर ठेवून आलो," म्हातारा म्हणाला. "हात पुढं गेला व्हता. मागं घेतला."

दौरासाहेबांनी त्याच्या खांद्यावरची घोंगडी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि दोघं बापलेक घराकडे निघाले. मी हातातली गाठी तशीच धरून स्टँडवर सगळ्यांच्या देखत रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.