मामा मशीन निवडतात

माझ्या बायकोच्या मामांइतका चिकित्सक माणूस तंजावूर सोडून चेन्नईला आलेल्या मराठी घराण्यांत दुसरा झाला नसेल, आणि तिकडे मागे राहिलेल्यांतही नसेल. मी साताऱ्याचा. बँकेच्या बदलीने इथे आलो आणि या घरचा जावई झालो, त्यामुळे सुरुवातीला मला वाटे की ही घराण्याचीच रीत असावी. तसं नाही. टी. नगरच्या दुकानात एक प्रेशर कुकर घ्यायला मामा पाच वेळा गेले. पाचव्या खेपेला दुकानदाराने हात टेकले, त्यांना बसायला स्टूल दिलं आणि कॉफी मागवली, तर कॉफी पिऊन मामा स्टूल उलटं करून पाहू लागले. मामींना बघायलाही ते चार वेळा गेले होते. शेवटी मामींच्या वडिलांनी विचारलं म्हणे, मुलगी पाहता की दार पाहता? मामा दारच पाहत होते. सागाचं होतं आणि त्याचा जोड त्यांना फार आवडला होता.

अंबत्तूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये मामांचं कपाटं बनवायचं दुकान आहे. तिथलं काम तपासायची त्यांची पद्धत एकच: डोळे मिटायचे आणि कडेवरून उजवा अंगठा फिरवायचा. बोर्ड कापला की त्याची कड उघडी पडते, ती झाकायला पातळ पट्टी चिकटवतात. त्या सांध्यावर अंगठा अडला की काम परत. हा अंगठा दुकानापुरता राहिला असता तर माझी हरकत नव्हती, पण लग्नाच्या पंगतीत पान मांडायच्या आधी मामांचा हात टेबलाखाली गेलेला असतो. एकदा माझ्या बँकेत लॉकर उघडायला आले आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलाची कड डोळे मिटून चाचपत उभे राहिले. साहेबांना वाटलं पाहुण्यांना चक्कर आली, त्यांनी पाणी मागवलं. "डोळ्याला अस्कं चांगलंच दिसतं, माप्पिळ्ळै," मामा मला म्हणाले, "विचारायचं तर अंगठ्याला विचारा." अस्कं म्हणजे सगळं, हा तंजावुरी मराठीतला शब्द, आणि माप्पिळ्ळै म्हणजे तमिळमध्ये जावई. मामांच्या लेखी दोन्ही मराठीच.

असा माणूस मशीन घ्यायला निघाल्यावर काय होणार? मामांकडे पट्टी हाताने लागे. कपड्यांच्या इस्त्रीने ती गरम करायची आणि इस्त्रीच्या मागोमाग अंगठ्याने दाबत जायचं. पण इथल्या दमट हवेत पट्ट्या सुटायला लागल्या. एका घरातून सिंकखालचं अख्खं कपाट परत आलं, त्याच्या पट्ट्या केळीच्या सालीसारख्या लोंबत होत्या. बाकीचे दुकानवाले केव्हाच पट्टी लावायच्या मशीनवर गेले होते, आणि मामांच्या सहा सुतारांना आठवड्यात दोन दिवसांचंही काम उरलं नव्हतं. तेवढ्यात चाळीस फ्लॅटच्या स्वयंपाकघरांचं काम चालून आलं. बिल्डरकडच्या इंजिनिअरबाईंची अट साधी होती: पट्टी मशीनचीच हवी, आणि कोणतं मशीन घेताय ते विजयादशमीच्या सकाळपर्यंत कळवा, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. ते गेलं तर दुकानाला कुलूप लागणार होतं. मामा सोडून सगळे हे बोलून दाखवत होते.

मामांनी चार मशीनं निवडणुकीला उभी केली. पहिलं हातात धरून चालवायचं, दुसरं टेबलाएवढं, तिसरं शेवटी घासून चकाकी देणारं, आणि चौथं पट्टी लावायच्या आधी बोर्डाची कड तासून सरळ करणारं. न्याय व्हावा म्हणून चारही ठिकाणी बोर्ड आणि पट्टी त्यांनी स्वतःचीच नेली, एकाच मापाची, एकाच पांढऱ्या रंगाची. परत आणलेल्या तुकड्यांच्या पाठीवर पेन्सिलीने नावं लिहिली आणि परीक्षा सुरू झाली. तुकडे मामींच्या इडलीपात्रात उकडले गेले. रसममध्ये बुडाले. एन्नोरला समुद्राकाठी राहणाऱ्या साडूंच्या खिडकीत महिनाभर टांगले गेले, तेव्हा शेजाऱ्यांना तो नवस वाटला. प्रत्येक परीक्षेनंतर मामा नावं पुन्हा गिरवत. एकही पट्टी सुटली नाही. मग मामा रोज सकाळी चारही तुकड्यांवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, पाहू. असे सहा महिने गेले. सासुरवाडीच्या प्रत्येक जेवणात मी या 'पाहू'ची नक्कल करून हशा मिळवत असे. दसरा आठवड्यावर आला तेव्हा हसणं बंद झालं. दोन सुतारांनी दुसरीकडे विचारपूस केल्याचं कानावर आलं, आणि मामी देवापुढे जरा जास्तच वेळ बसू लागल्या.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. त्या दिवशी इथे हत्याराला काम सांगत नाहीत. करवती, रंधे, अगदी डिंकाचा डबासुद्धा पुसून, चंदन-कुंकू लावून पूजेत मांडतात. मी पोहोचलो तेव्हा मामा बाहेर केळीचे खांब बांधून घेत होते आणि आत मामींनी दिसेल ते ओल्या फडक्याने लख्ख केलं होतं. तुकडेही मशीनचेच, म्हणून तेही. चार पांढरे तुकडे, चारांवर चंदनाचे ठिपके, आणि पाठी कोऱ्या. "धूळ होती, पुसली," मामी म्हणाल्या, आणि सगळ्यांचे चेहरे पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यायचं होतं. चारही विक्रेत्यांकडे पूजा, म्हणजे नवे तुकडे करून घ्यायला कुठेच मशीन चालणार नव्हतं.

मामा रागावले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. तुकडे मांडीवर घेऊन ते बसले, डोळे मिटले आणि अंगठा फिरवू लागले. सहा सुतार, मामी आणि मी भोवती उभे. चार तुकडे झाले. पुन्हा चार झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांना सुंडल, म्हणजे प्रसादाचे उकडलेले हरभरे, वाटायला सांगितलं आणि तुकड्यांसकट मला शेडच्या मागे घेऊन गेले.

"ह्या अंगठ्याला काही कळेना, माप्पिळ्ळै," ते म्हणाले. "वर्ष झालं. इस्त्रीमागून दाबून दाबून तो मेला. चारही मज एकसारखेच लागतात, पहिल्या दिवसापासून. कोणाला सांगू?"

सहा महिने मी ज्याची नक्कल करत होतो ते हे होतं. मला स्वतःची लाज वाटली. मी नुसता माझा अंगठा पुढे केला.

मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि विचारू लागले. नख अडतं का? मधे, की कोपऱ्याला? डिंकाची रेघ खरखरते का? मी बँकेत कागद चाळणारा माणूस, घाबरत घाबरत सांगत गेलो. एकावर रेघ जाड होती. मामा म्हणाले, हातातलं. एकाचा कोपरा टोचत होता, ते टेबलाएवढं. एक गुळगुळीत होता, पण मधे किंचित खळगा लागत होता. ते चकाकीवालं, वरून घासलं तरी खालची कड वाकडी ती वाकडीच. चौथ्यावर पट्टी कुठे सुरू होते तेच मला कळेना. मामांनी तो मला डाव्या अंगठ्यानेही पाहायला लावला आणि मग भिंतीला टेकून खाली बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौथ्या मशीनचं नाव कळवलं. पुढे त्या विक्रेत्याच्या माणसाने आपला तुकडा तासलेल्या कडेवरून ओळखला, तोही हाच निघाला.

मशीन आलं, सुतार टिकले. माल निघायच्या आधी, दर रविवारी मी अंबत्तूरला जाऊ लागलो. लोकांना वाटे मामांशी गप्पा मारायला जातो. मी कडांवरून अंगठा फिरवायचा, मामांनी दुसरीकडे पाहत उभं राहायचं, आणि मी 'साफ' म्हणालो की गाडी भरायची. मागच्या महिन्यात शेवटच्या दहा स्वयंपाकघरांचा माल घाईघाईत मी तपासायच्या आधीच गाडीत चढला होता, इंजिनिअरबाईंचे तीन फोन येऊन गेले होते, आणि एका दारावर माझा अंगठा अडला. केसाएवढाच. कुणाला कळलं नसतं. मामा या वेळी माझ्याकडेच पाहत होते. "लागतं, मामा," मी म्हणालो.

सगळी गाडी खाली झाली. मशीनच्या रोलरवर डिंक सुकून बसला होता. नऊ दारं पुन्हा करावी लागली, माल एक दिवस उशिरा गेला, आणि बाईंनी फोनवर मामांना सगळ्यांदेखत भरपूर सुनावलं. मामा "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत शांतपणे ऐकत राहिले. संध्याकाळी ते मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. असे ते कधी येत नाहीत.

"इतके रविवार मज वाटायचं, म्हाताऱ्याचं मन राखायला तुम्ही साफ म्हणता," ते म्हणाले. "आज लागतं म्हणालात. आता मागचं अस्कं खरं झालं."

बस आली. मामांनी माझा हात धरला होता तो सोडला नाही, आणि मी ती बस जाऊ दिली.