प्लास्टिकमधला बाहुला

झिगबोर्दी या नावाचा अर्थ एवे भाषेत धीर. आईबापांनी मोठ्या आशेने ठेवलं असेल, पण पोरीच्या अंगाला ते कधी लागलंच नाही. खोटेपणा दिसला की तिला आधी मळमळायचं, मग ती बोलायला लागायची. आणि एकदा तोंड सुटलं की केटा गावच्या बाजारातल्या मासेवाल्यासुद्धा टोपल्या उचलून पलीकडे सरकायच्या.

खाडीकाठच्या दवाखान्यात ती नर्स होती. तिचा नवरा याओ त्याच दवाखान्यात, केसपेपरच्या रांगेत उभा असताना कोसळला होता. नर्सा धावल्या, नाही असं नाही. एकीने तोंडावर पाणी मारलं, एकीने पुठ्ठ्याने वारा घातला, बाकीच्या "एफो याओ! अहो याओदादा!" म्हणून हाका मारत राहिल्या. छातीवर हात मात्र कुणी ठेवला नाही. बाळंतिणींच्या वॉर्डातून झिगबोर्दी पळत येईपर्यंत चादर तोंडावरून ओढून झाली होती. त्या दिवसापासून तिने एकच धरलं. या आवारात पुढचा माणूस पडेल, तेव्हा त्याला हाकांपेक्षा काहीतरी जास्त मिळालं पाहिजे.

म्हणून ती हट्टाने राजधानीला, आक्राला गेली, बंद पडलेलं हृदय हाताने कसं चालतं ठेवायचं ते शिकली, शिकवायचा परवाना घेतला आणि सरकारकडून एक रबरी बाहुला घेऊन परत आली. त्याची छाती नीट दाबली की आतून टक्‌ असा आवाज यायचा. तो आवाज या सगळ्यांच्या हातांना ओळखीचा करायचा, एवढंच तिला हवं होतं.

मेट्रन होत्या अक्पेने मॅडम. त्यांनी बाहुला बघितला आणि त्यांचे डोळे चमकले. "किती देखणा आहे गं! प्लास्टिक काढू नकोस हं. मळेल."

"मॅडम, तो दाबायला दिलाय."

"दाबू की. प्लास्टिकवरून दाबू. वरची माणसं बघायला येतात, त्यांना नवाच्या नवा दिसला पाहिजे." आणि बाहुला मॅडमच्या कपाटात गेला. किल्ली मॅडमच्या कमरेला.

प्रशिक्षणाचा दिवस उजाडला. दिवस कसला, तमाशा नुसता! आधी प्रार्थना. मग पाहुण्यांची ओळख. मग अध्यक्षांनी अध्यक्षपद स्वीकारल्याचं भाषण. मग मॅडमचं भाषण, त्यात सरकारचे आभार, देवाचे आभार, आणि अध्यक्षांनी अध्यक्षपद स्वीकारल्याबद्दल पुन्हा अध्यक्षांचे आभार. मग फोटो. तोवर फ्राइड राइस आणि कोंबडीचे डबे आले, आणि डबे आल्यावर कोण कुणाचं ऐकतंय! झिगबोर्दी भिंतीला टेकून हे बघत होती. जीव वाचवायच्या विद्येला उरली ती जेवल्यानंतरची सुस्तावलेली घटका.

बाहुला टेबलावर, खाली लेसचं कापड, अंगावर प्लास्टिक. मॅडम म्हणाल्या, "रांग लावा. ज्येष्ठतेप्रमाणे. सुरुवात नेहमी मी करणार." त्यांनी दोनचार वेळा बोटांनी दाबल्यासारखं केलं, प्लास्टिक चुरचुरलं, त्यांनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "पुढची!" मग ज्येष्ठतेत दुसरी, सिस्टर पीस. दोनचार दाब, टाळी, पुढची. अशी अख्खी रांग सरकली. टक्‌ असा आवाज एकदाही आला नाही.

संध्याकाळी मॅडमनी सर्टिफिकेटांचा गठ्ठा पुढे केला. "सही कर."

"कशावर? पी हळद आणि हो गोरी? यांतल्या एकीला तरी येतं का काही?"

"तपासणीची माणसं येणार आहेत. सर्टिफिकेटं भिंतीवर नसली तर मान्यता जाईल. दवाखाना बंद पडला तर तू बघणार आहेस का पेशंट?"

"आणि उद्या कुणी पडलं तर काय सर्टिफिकेटाने वारा घालायचा?" झिगबोर्दी म्हणाली. "माझा नवरा तुमच्या पोरींनी पाणी शिंपडून शिंपडून मारला, मॅडम. मी सही करणार नाही."

सिस्टर पीसने नाक मुरडलं. "अतिशहाण्याचा बैल रिकामा!" सगळ्या फिसकन हसल्या.

मॅडमनी सही दुसऱ्या कुठल्यातरी प्रशिक्षकाकडून आणली. सर्टिफिकेटं फ्रेम होऊन भिंतीवर चढली. झिगबोर्दीची बदली मात्र झाली, कुटुंबनियोजनाच्या खोलीत. ती खोली आवाराच्या पार टोकाला, शवागाराच्याही पलीकडे. तिथे दिवसभर बसून ती गोळ्या वाटायची आणि मनातल्या मनात शिव्या घालायची. फक्त एयराम, गेल्या वर्षीच लागलेली नर्स, दुपारी चोरून यायची. झिगबोर्दी तिला जमिनीवर बसवायची आणि घट्ट गुंडाळलेल्या गादीवर शिकवायची. "कोपर वाकवू नको. दाब. अजून! थांबायचं नाही गं, तुझी जागा घ्यायला दुसरं कुणी येईपर्यंत थांबायचंच नाही." पोरीचे हात चांगले होते. तिला येत होतं.

आणि मग एका सकाळी बायकांच्या वॉर्डात औषधं देता देता मेट्रन अक्पेने मॅडम स्वतःच कोसळल्या. डोळे उघडे, श्वास नाही.

नर्सा धावल्या. या खेपेला पाणी कुणी मारलं नाही, त्या सर्टिफिकेटवाल्या होत्या! त्यांनी रांग लावली. देवा रे, खरोखर रांग लावली. पण सुरुवात नेहमी मॅडम करायच्या, आणि मॅडम तर खाली पडलेल्या. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. शेवटी सिस्टर पीस पुढे झाली, तिने दोनचार वेळा दाबलं, आणि सवयीने उठून उभी राहिली. "पुढची!" पुढच्या दोघी एकाच साली लागलेल्या. "तुम्ही आधी, सिस्टर." "छे, छे, तुम्ही." असा मान देण्या-घेण्याचा कार्यक्रम चालला होता, आणि खाली छाती तशीच पडून होती.

रांगेच्या शेवटी एयराम होती. आणि तिने काय केलं? ती वळली आणि आवाराच्या टोकाला पळत सुटली, झिगबोर्दीला बोलवायला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि बंब तिकडे नेऊन ठेवला कुणी, तर जी जळत होती तिनेच.

झिगबोर्दी धावत आली, रांगेला खांद्याने धक्के देत आत घुसली आणि मॅडमच्या छातीवर वाकली. दाबत राहिली. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं तरी थांबली नाही. घाम मॅडमच्या गणवेशावर टपटपत होता. डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मग झिगबोर्दीच्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टर, पुरे. फार उशीर झालाय."

ती उठली आणि एयरामकडे वळली. "तुला येत होतं! मला बोलवायला कशाला आलीस, कारटे? तूच का नाही बसलीस?"

एयराम रडत म्हणाली, "सिस्टर, माझा नंबर शेवटचा होता."

झिगबोर्दी बाहेर जाऊन गटाराच्या कडेला ओकली.

अंत्यविधी दणक्यात झाला. सुतकाचे लाल-काळे कपडे, गावभर मॅडमच्या फोटोची पोस्टरं, भाड्याचे कर्णे. लेसने मढवलेल्या पलंगावर मॅडम सजवून ठेवलेल्या, आणि उशाशी, शी, उशाशी ते फ्रेममधलं सर्टिफिकेट! मेल्या म्हशीला मणभर दूध, तसं जो तो उठून सांगत होता की मॅडमनी या दवाखान्याला जीव वाचवायला शिकवलं. मग दर्शन सुरू झालं. कुणी सांगायची गरजच पडली नाही. नर्सा आपोआप ज्येष्ठतेप्रमाणे रांगेत उभ्या राहिल्या. झिगबोर्दी त्या रांगेत गेली नाही.

पुढच्या सोमवारी सिस्टर पीस मेट्रनच्या खुर्चीत बसली. झिगबोर्दी न विचारता आत शिरली. मॅडमच्या कमरेची किल्ली आता कपाटालाच लटकत होती. तिने बाहुला ओढून बाहेर काढला, वॉर्डात नेला आणि फरशीवर आदळला.

"अगं अगं, प्लास्टिक!" सिस्टर पीस मागून ओरडत आली. "मॅडमची आठवण आहे ती!"

झिगबोर्दीने दातांनी प्लास्टिक फाडलं आणि थुंकून टाकलं. "एयराम, ये. आज शेवटून सुरुवात."

एयराम पुढे आली. गुडघ्यांवर बसली. कोपर सरळ, हात छातीच्या बरोबर मधोमध. आणि दाबायच्या आधी तिने मान वर केली आणि सिस्टर पीसकडे बघितलं, करू का म्हणून.

"तिकडे काय बघतेस?" झिगबोर्दी किंचाळली. "मरणारा खाली आहे!"