दाजींचं व्होल्टेज

आमच्या मामांइतकी विजेची वाट पाहिलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाला नसेल. लोक पाहुण्यांची वाट पाहतात, एस्टीची पाहतात. मामा व्होल्टेजची वाट पाहत. कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी त्यांची नजर दिव्याकडे जायची. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आणि हे विचारणार, "पाणी राहू द्या, तुमची ट्यूब एका झटक्यात लागते का?" दौंडच्या एका शाळेत ते भूगोल शिकवत, त्यामुळे शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके त्यांना तोंडपाठ होते, पण डोंगर-नद्यांवरून नव्हे. "निमोण्याची माणसं लाख मोलाची, पण संध्याकाळी एकशेसाठच्या वर जात नाहीत," असं ते हळहळून सांगत. कवठे येमाई सकाळी उत्तम, पण एकदा गिरण्या सुरू झाल्या की संपलंच. माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा बाकीच्यांनी मुलीचं शिक्षण आणि स्वभाव विचारला. मामांनी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावून पाहिला. शेंगदाण्याची चटणी बारीक झाली, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. ती चटणी वाटणारी आज माझी बायको आहे, आणि मामांची निवड चुकली असं मला कधीही वाटलेलं नाही.

या वेडाचं मूळ आमच्या मामीच्या छातीत होतं. तिला दमा होता. डॉक्टरांनी एक वाफेचं मशीन दिलं होतं. धाप लागली की त्यात औषध घालायचं आणि तोंडावर मास्क धरून ती वाफ ओढायची. मशीन विजेवर चालायचं, आणि व्होल्टेज कमी असलं की नुसतं गुरगुरायचं, वाफेचा पत्ता नाही. त्यामुळे मामी दौंड सोडून कुठे जायची नाही. तिचं माहेर मांडवगण फराटा. म्हटलं तर जवळ, पण तिथे संध्याकाळी उसाला पाणी देणाऱ्या मोटारी सुरू झाल्या की बल्बची तार नुसती लाल दिसायची. दर चैत्रात गावची जत्रा आली की मामी आपलं हिरवं लुगडं ट्रंकेतून काढायची, झटकायची, आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. मामांना ते बघवेना. शेवटी त्यांनी एका बेकरीची जुनी मेटाडोर विकत घेतली आणि तिचं घर केलं.

घर म्हणजे काय, तर एक खाट, एक स्टोव्ह, एक टेबलफॅन आणि खाटेखाली मशीन. देवाच्या फोटोशेजारी व्होल्टमीटर. सकाळी उदबत्ती ओवाळताना ती दोघांनाही ओवाळली जायची. गाडीच्या बाहेर पावाचं चित्र तसंच राहिलं होतं, त्यामुळे वाटेत थांबलं की कुणीतरी हमखास नानकटाई मागायचं. पडलेलं व्होल्टेज वर चढवणारा स्टॅबिलायझर मात्र एवढा मोठा होता की मामीला पाय दुमडून झोपावं लागे. तो सारखा टकटक करायचा. मामी त्याला सवत म्हणायची. "अहो, माझी सवत पुन्हा बोलायला लागली. बघा तिला काय हवंय!" आणि मामा खरंच उठून बघायचे.

पहिल्याच वर्षी मेटाडोर जत्रेला मांडवगणात पोचली, तेव्हा मीही बरोबर होतो. देवळामागच्या मैदानात गाडी लावली, मामीच्या भावाच्या, म्हणजे आप्पांच्या, घरातून वायर ओढली. आप्पा जावयाला टॉवेल-टोपीचा आहेर करायला आले. जावयानं आढेवेढे घ्यायचे, सासरच्यांनी आग्रह करायचा, ही रीतच. पण मामांनी टोपी बाजूला सारली आणि गंभीरपणे म्हणाले, "मला हे नको. मला व्होल्टेज द्या." सगळी आळी हसून लोळली. "दाजी रुसलं! दाजींना करंटचा आहेर पायजे!" पुढे जत्रेत जो भेटेल तो विचारू लागला, "काय दाजी, किती भरलं?" मामा निमूटपणे काट्याचा आकडा सांगायचे. थट्टा त्यांना कळायची नाही की कळून ते उत्तर द्यायचे, हे मला आजही ठरवता येत नाही.

दिवेलागणीला नदीकडच्या मोटारी सुरू झाल्या आणि मैदानातले दिवे पिवळे पडले. दिवसभर जत्रेची धूळ उडाली होती. मामी बालमैत्रिणींशी बोलता बोलता एकदम गप्प झाली, खाटेची कड धरून बसली. मामांनी मशीन लावलं. ते गुरगुरलं. स्टॅबिलायझरनं दोनदा टकटक केलं आणि तोही बंद पडला. दवाखाना गाठायचा तर शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही लांब, आणि तिला तर एकेक श्वास ओढून आणावा लागत होता. मामा काट्याकडे बघत उभे राहिले. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा माणूस. तो नुसता काचेवर बोटानं टिचक्या मारत राहिला. आप्पांनी एकदा बहिणीकडे पाहिलं आणि देवळाकडे पळत सुटले. तिथला भोंगा बॅटरीवर होता.

"नदीकडच्या मोटारवाल्यांनो, मोटारी बंद करा! दाजींना व्होल्टेज पायजे!" भोंग्यातून आवाज आला आणि लोक पुन्हा हसले. मग आप्पांचा आवाज फाटला. "आरं हसू नका! आक्काला दम लागलाय. मशीन चालंना. पाया पडतो, बंद करा मोटारी!"

हसणं थांबलं. पाणी आठवड्यातून मोजक्याच पाळ्यांना मिळणारं, ते सोडायचं म्हणजे सोपं नव्हतं. पण शिवारातून एकेक घरघर थांबत गेली. समोरच्या घरानं टीव्ही बंद केला, पाळणेवाल्यानं माळा विझवल्या. आमचा बल्ब हळूहळू पांढरा झाला. काटा चढला, मशीन घर्र करून सुरू झालं, आणि मास्कमधून वाफ आली. मामीच्या खांद्यांची उचल कमी झाल्यावर मामांनी आप्पांनी आणलेली ती टोपी डोक्यावर घातली आणि कोपऱ्यात तोंड करून रडले.

तेव्हापासून गावानं रीतच पाडली. जत्रेला पावाचं चित्र असलेली गाडी आली की दिवेलागणीला, मामीची वाफ होईपर्यंत, मोटारी बंद. त्यासाठी भोंगा लागला नाही. मामी मग दरवर्षी हिरवं लुगडं नेसून माहेरी मिरवली.

पुढे मामी गेली. दौंडला, आपल्या घरात, दुपारी. त्या वेळी व्होल्टेज अगदी पुरेपूर होतं, हे मामा प्रत्येकाला सांगत राहिले. गाडी विकतो म्हणाले, पण चैत्र आला तेव्हा मला म्हणाले, "चल, जाऊन येऊ." गाडी नेहमीच्या जागी लावली, सवयीनं वायर ओढली. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या, दिवे पिवळे पडले. आप्पा येऊन गाडीच्या पायरीवर बसले. आणि शिवारातली एक मोटार थांबली. मग दुसरी. मग सगळं शांत झालं आणि आमचा बल्ब लख्ख झाला.

"कोणी सांगितलं त्यांना?" मामांनी विचारलं.

"कुणी न्हाई, दाजी. आक्काची येळ हाय ही."

मामांनी खाटेखालून मशीन काढलं, पुसलं आणि बटण दाबलं. औषध नव्हतं, मास्क उशीवर ठेवलेला. मशीन छान चालत होतं. एरवी मामीला जितका वेळ लागे तितका वेळ त्यांनी ते चालू दिलं, मग स्वतःच बंद केलं.

"आप्पा, चालू करू द्या मोटारी," ते म्हणाले. "ऊस वाळतोय त्यांचा."

थोड्या वेळानं शिवार पुन्हा घरघरू लागलं आणि बल्ब पिवळा पडला. मामा खाटेवर आडवे झाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काट्याकडे पाहिलं नाही.